मेथी निवडता निवडता व्हिडिओ कॉल का होत नाही?

रविवारी दुपारचा चहा झाला की वाईला आमच्या आईकडे नागपूरच्या मावशीचा फोन येतो. साधा फोन. आई तो उचलते, स्पीकरवर टाकते, वर्तमानपत्रावर पसरलेल्या मेथीशेजारी ठेवून देते आणि निवडायला बसते. पानं एकीकडे, काड्या दुसरीकडे. मध्येच ‘हं’, मध्येच ‘अगंबाई’, मध्येच ‘मग तू काय म्हणालीस?’ मेथी संपते, गवार मोडून होते, कुकर लागतो. पन्नास मिनिटांनी दोघींचं ‘बरं, ठेवते हं’ तीन-चारदा म्हणून होतं आणि मग कुठे फोन खरोखर ठेवला जातो.

संध्याकाळी साडेसातला टोरांटोहून भावाचा व्हिडिओ कॉल येतो. तिथे सकाळचे दहा वाजलेले असतात. आई पाच मिनिटं आधीच तोंड धुऊन, केसांवरून कंगवा फिरवून, ट्यूबलाइटखाली खुर्ची ओढून तयार. ‘दिसतेय का मी?’ ‘आई, फोन जरा खाली कर, नुसता पंखा दिसतोय.’ मग ‘बारीक झालायस’, ‘जेवण वेळेवर करतोस ना’, नातवाने काढलेलं चित्र, सुनेचा नवा कुर्ता. सातव्या मिनिटाला कुणालाच पुढे काय बोलावं ते सुचत नाही. सगळे हसतात, हात हलवतात, संपलं. आईचा गुडघा महिनाभर दुखतोय हे मावशीला माहीत असतं, भावाला नाही.

आईची माया काही मुलापेक्षा बहिणीवर जास्त नाही. मग असं का होतं? आपण धरून चालतो की व्हिडिओ कॉल म्हणजे फोन अधिक चित्र, वरणभातावर वाढलेलं तूप. दिवसातले चार-पाच तास दोन्ही तऱ्हेच्या कॉलवर काढणारी मी, मला आता ते तसं वाटत नाही. चित्र आलं की बोलण्याची जातच बदलते. त्यातलं काही यंत्रामुळे बदलतं, काही डोळ्यांमुळे.

आवाजाचं वजन, चित्राचं वजन

आधी यंत्राचं बघू. टेलिफोनवाल्यांनी फार पूर्वी एक कंजूष पण हुशार हिशोब केला: माणसाचं बोलणं कळायला त्यातलं कमीत कमी किती पुढे पाठवावं लागतं? उत्तर निघालं, ३०० ते ३४०० हर्ट्झ. सेकंदाला तीनशेपेक्षा कमी आणि चौतीसशेपेक्षा जास्त कंपनांचं जे काही आवाजात असेल, ते कापून टाकलं तरी बोलणं कळतं. या कापाकापीच्या खुणा आपल्याला रोज भेटतात. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक बराचसा ४००० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात असतो आणि तो पट्टा साध्या फोनमधून जातच नाही. म्हणून ‘फणसे’ सांगितलं की पलीकडून ‘सणस का?’ येतं, आणि आपण ‘फ, फ, फलटणचा फ’ करत बसतो.

खालच्या बाजूची गंमत तर आणखी वेगळी. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १२० हर्ट्झला असतो, म्हणजे फोनच्या ३००च्या उंबरठ्याच्या बराच खाली. जुन्या फोनमधून तो सूर पलीकडे पोहोचतच नसे. तरी वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटायचा. गाण्यातल्या लोकांना हे चटकन कळेल: तंबोऱ्याची तार छेडली की मूळ सुराबरोबर वरचे स्वयंभू स्वरही निघतात. बोलण्यातही असे वरचे स्वर असतात. फोन फक्त तेवढे पाठवतो आणि त्यांच्यातल्या अंतरावरून आपला मेंदू खालचा, न आलेला सूर स्वतःच भरून काढतो. थोडक्यात, फोनवरचा निम्मा माणूस आपणच बनवलेला असतो. हे वाक्य पुढे पुन्हा लागेल.

हा कापलेला आवाज आकड्यांत उतरवायचा तर सेकंदाला ८००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजमापाला ८ बिट, म्हणजे शून्य-एकचे आठ आकडे, द्यायचे. झाले सेकंदाला ६४,००० बिट. मोबाइलने त्यातही काटकसर केली आणि १२.२ हजार बिटांत किंवा त्याहूनही कमीत बोलणं बसवलं. अलीकडे फोनवर ‘एचडी व्हॉइस’ म्हणतात ते म्हणजे हा पट्टा रुंद करून ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत नेणं. एखाद्याचा आवाज अचानक कानाशी बसून बोलल्यासारखा येतो तेव्हा बहुधा दोन्हीकडचे फोन आणि मधलं नेटवर्क यांचं हे जमलेलं असतं.

आता चित्र. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांची छोटीशी चौकट घ्या, आजच्या मानाने अगदी साधी. ठिपके झाले ३,०७,२००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट (८ बिटांचा एक बाइट). हालचाल सलग दिसायला सेकंदाला अशी ३० चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे साडेसत्तावीस एमबी होतात. रोजचा दीड जीबीचा पॅक ५५ सेकंदांत साफ. ‘बारीक झालायस’ म्हणेपर्यंतच.

प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण चित्र दाबून पाठवतात. कसं, तर रेडिओवरचा क्रिकेटचा समालोचक आठवा. तो प्रत्येक चेंडूला मैदान किती मोठं, गवत हिरवं, पॅव्हेलियन डावीकडे असं पहिल्यापासून सांगत बसत नाही. एकदा सांगून ठेवतो, मग फक्त काय हललं तेवढं. व्हिडिओचं कोडेक, म्हणजे चित्र दाबणारं आणि उलगडणारं सॉफ्टवेअर, हेच करतं. मागची भिंत, कॅलेंडर, कपाट एकदा पाठवून दिलं, की नंतर फक्त हललेले ओठ, झुकलेली मान आणि मिटलेले डोळे. अशा युक्त्यांनी सेकंदाला बावीस कोटी बिटांचं ओझं पाच ते दहा लाखांवर येतं, दोनशे-चारशे पट हलकं. तरीही तासभर बोललात तर एका बाजूचेच सव्वादोनशे ते साडेचारशे एमबी होतात. ॲपवरचा नुसता आवाज तेवढ्याच वेळात पंधरा-वीस एमबीत भागतो.

आणि आमच्या आईच्या चौकटीतला तो पंखा? तो या सगळ्या युक्तीवर पाणी ओततो. गरगर फिरणारं पातं, वाऱ्यावर हलणारा पडदा, मागून जाणारी गर्दी यांतलं काहीच ‘मघासारखंच’ म्हणून सोडून देता येत नाही. कमी रेंजमध्ये बोलायचं असेल तर साध्या भिंतीला पाठ करून बसा, असं मी घरात सांगून ठेवलंय. कुणी ऐकत नाही, ते सोडा.

नेट अडखळलं की दोघांचं वागणंही वेगळं. आवाज बहुतेकदा २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात, सेकंदाला पन्नास. एखाद-दुसरा वाटेत हरवला तर आधीचाच सूर किंचित ताणून भोक बुजवता येतं, कानाला पत्ता लागत नाही. चित्राचा तुकडा हरवला तर मात्र पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत ‘मघापासून काय बदललं’ हा हिशोबच चुकत जातो. मग भावाचं नाक हिरव्या चौकोनांत गेलेलं दिसतं. ॲप तयार करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून तंगी आली की ते आधी चित्राचा बळी देतात. ‘अरे, तुझा व्हिडिओ बंद कर, आवाज तुटतोय’ हा सल्ला म्हणूनच बरोबर असतो.

इथे आणखी एक फरक, जो दुकानात फोन विकणारेही सहसा सांगत नाहीत. फोरजीवरचा साधा कॉल, ज्याला व्होल्टे म्हणतात, त्याच्यासाठी मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमध्ये वेगळी जागा राखलेली असते. ॲपवरचा कॉल, मग तो आवाजाचा असो की चित्राचा, बाकी सगळ्यांच्या रील आणि मॅचबरोबर त्याच गर्दीत ढकलाढकली करत जातो. जत्रेच्या दिवशी, गणपतीत, एसटी स्टँडवर ॲप फिरत राहतं आणि साधा फोन लागतो, तो याच कारणाने. अर्थात गर्दी फारच झाली तर तोही बसतो.

हुंकार

आता मला खरं जे सांगायचंय ते. आपल्याकडे गोष्ट सांगणारा ऐकणाऱ्याला बजावतो, ‘हुंकार भर, नाहीतर गोष्ट बंद.’ हुंकार म्हणजे उत्तर नव्हे. ‘मी इथे आहे, ऐकतोय, पुढे बोल’ एवढंच त्यात असतं. फोनवरचं संभाषण या हुंकारावर उभं असतं. मावशी बोलत असताना आईचं ‘हं’ दर चार-पाच सेकंदांनी येतं. मी एकदा मोजलं होतं, एका मिनिटात चौदा. शिवाय ते एकसारखे नसतात. एक ‘हं’ होकाराचा, एक ‘हंऽऽ’ शंकेचा, एक नुसताच श्वास, ज्याचा अर्थ ‘तुझ्या जावेबद्दल मी काही बोलत नाही’. चेहरा दिसत नसल्यामुळे चेहऱ्याचं सगळं काम हुंकार करतो.

फोन बनवणाऱ्यांनी याचा मान ठेवला आहे. मोबाइलवर आपण गप्प बसलो की आपला फोन बॅटरी वाचवायला आवाज पाठवणं जवळजवळ थांबवतो. पण पलीकडे ठार शांतता झाली तर ऐकणाऱ्याला वाटेल कॉल कट झाला, आणि तो ‘हॅलो? हॅलो?’ सुरू करेल. म्हणून पलीकडचा फोन त्या रिकाम्या जागेत स्वतःच हलकीशी खरखर निर्माण करून ऐकवतो. ती खोटी असते. यंत्राने भरलेला हुंकारच म्हणा.

आणि हा हुंकार वेळेवर पडावा लागतो. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांतली बोलणी तपासून २००९ साली संशोधकांनी दाखवलं की प्रश्न संपला की उत्तर सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात, सेकंदाचा पाचवा हिस्सा. भाषेभाषेत थोडं मागेपुढे होतं, पण फार नाही. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपलं उत्तर तयार होत असतं. दोन बायका एका उखळात आळीपाळीने मुसळ घालतात तसं.

आता यात उशीर घाला. टोरांटोपर्यंतचं सरळ हवाई अंतरच साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका खेपेला किमान ६०-६५ मिलिसेकंद. तारा सरळ जात नाहीत, तेव्हा त्याहून थोडे जास्तच. आवाजाच्या कॉलला यात फारशी भर पडत नाही. दूरसंचारवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय मापाप्रमाणे एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर बोलणाऱ्याला जाणवत नाही आणि ४००च्या पुढे जाऊ देऊ नये. पण व्हिडिओत कॅमेऱ्याने चित्र घ्यायचं, ते दाबायचं, पाठवायचं, पलीकडे उलगडायचं, पडद्यावर काढायचं. शिवाय ओठ आणि आवाज जुळावेत म्हणून लवकर पोचलेल्या आवाजाला अनेकदा चित्राची वाट बघत थांबवतात. सगळं मिळून एका बाजूला ३०० मिलिसेकंद सहज होतात.

मग काय होतं बघा. आई विचारते, ‘दिवाळीला येणार ना रे?’ प्रश्न पोचायला ३००. भाऊ नेहमीप्रमाणे २०० मिलिसेकंदांत, म्हणजे तत्काळ, ‘हो, येतोय की’ म्हणतो. ते परत यायला ३००. आईला ऐकू येणारी शांतता ८०० मिलिसेकंदांची. जवळजवळ एक सेकंद. आपल्या कानांना अशा शांततेचा एकच अर्थ ठाऊक असतो: अडचण आहे, नकार येणार, कसं सांगावं याची जुळवाजुळव चाललीय. आई घाईने म्हणते, ‘जमत नसेल तर राहू दे,’ आणि नेमकं त्याच क्षणी ‘हो, येतोय की’ येऊन तिच्यावर आदळतं. मग दोघंही थांबतात. मग दोघंही एकदम बोलतात. ‘तू बोल.’ ‘नाही, तू बोल.’ पलीकडे भावाने मात्र काहीच उशीर केलेला नसतो.

जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली हेच मोजलं. कॉलमध्ये मुद्दाम १.२ सेकंदांपर्यंत उशीर घातला, तर लोकांनी दोष लाइनला दिला नाही. समोरचा माणूस कमी लक्ष देणारा, कमी मनमिळाऊ आहे, असं मत दिलं. पूर्वीच्या उपग्रहावरून जाणाऱ्या आयएसडी कॉलमध्ये, जमिनीपासून ३६,००० किलोमीटर वर जाऊन यायचं म्हणून एका बाजूला पाव सेकंद जायचा, आणि परदेशी बोलणारी माणसं ‘आता मी थांबते, तू बोल’ अशी शिस्त आपोआप शिकली होती. मिनिटाचे पैसेही तसेच होते म्हणा. चेहरा समोर आल्यावर ती शिस्त आपण विसरलो, कारण समोर दिसणारा माणूस समोरच आहे असं वाटतं.

त्यात व्हिडिओवर हुंकारच कमी होतो. आपल्याला वाटतं, दिसतोय की, मान हलवली तरी चालेल. पण पाच इंचांच्या चौकटीत, तीसच्या जागी बारा-पंधरा चित्रं सेकंदाला येत असताना, मान हललेली कळत नाही. आणि मोठ्या कॉलमध्ये हळूच म्हटलेलं ‘हं’ बरेचदा ॲपचा आवाज-गाळणारा भाग कचरा समजून झाडून टाकतो. सांगणारा कोरड्या विहिरीत बोलल्यासारखा बोलत राहतो. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये दहा चेहरे असून दर पाच मिनिटांनी ‘ऐकू येतंय ना सगळ्यांना?’ विचारावं लागतं, ते कानांचं दुखणं नव्हे. हुंकाराचा दुष्काळ आहे.

डोळ्यांची अडचण

कॅमेरा पडद्याच्या वर असतो आणि माणूस पडद्यात. मी भावाच्या डोळ्यांत बघते तेव्हा त्याला मी त्याच्या गळ्याकडे बघतेय असं दिसतं. कॅमेऱ्यात बघितलं तर त्याला बरं वाटतं, पण मग तो मला दिसत नाही. फोनवर हे अंतर दोन-तीन बोटांचं, लॅपटॉपवर वीतभर. २०२० मध्ये आयफोनवाल्यांनी सॉफ्टवेअरने डोळे वर वळवून दाखवण्याची सोय आणली. पण मुळात एकाच वेळी दोघांनी एकमेकांच्या नजरेत बघणं या मांडणीत बसतच नाही. नजर चुकवणाऱ्या माणसाबद्दल आपली मतं काय असतात ते सांगायला नको. ती मतं आपण इथे विनाकारण एकमेकांबद्दल तयार करत असतो.

दुसरी अडचण कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीची, जिच्यात आपण स्वतः असतो. कुणाशी प्रत्यक्ष बोलताना सतत हातात आरसा धरून बसा असं सांगितलं तर आपण वेड्यात काढू. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओच्या थकव्याची चार कारणं मांडली, त्यात हे एक आहे. बाकीची तीन अशी: अनोळखी चेहराही अंगावर आल्याइतका जवळ आणि सतत रोखून बघणारा, मान-हाताच्या खुणा ओळखण्याची आणि मुद्दाम करण्याची जादा मेहनत, आणि चौकटीत राहायचं म्हणून एका जागी खिळून बसणं. ती छोटी चौकट बहुतेक ॲपमध्ये लपवता येते. मी लपवते. आईला लपवून दिली तर तिने विचारलं, ‘मग मी नीट दिसतेय की नाही ते मला कसं कळणार?’ तिचंही बरोबर आहे.

चौथं कारण, खिळून बसण्याचं, मला सगळ्यात खरं वाटतं. फोनवर माणूस फिरतो. गच्चीत येरझाऱ्या घालतो, झाडांना पाणी घालतो, इस्त्री करतो. हात आणि डोळे दुसरीकडे गुंतलेले असले की अवघड बोलणं सोपं जातं. गुडघ्याचं दुखणं, घटस्फोटाचा विचार, उसने पैसे हे विषय समोरासमोर बसून निघत नाहीत. बाइकवर मागे बसून, भांडी विसळताना, अंधारात गच्चीवर पडून निघतात. मेथीचं काम तेच आहे. व्हिडिओवर हात फोन धरण्यात अडकतात आणि डोळे चौकटीत. उरतं ते पाहुण्यांसमोर बोलतो तसलं बोलणं.

मघाशी म्हटलं की फोनवरचा निम्मा माणूस आपणच बनवतो. तो आपण आळसाने बनवत नाही, कान देऊन बनवतो. येल विद्यापीठातल्या मायकेल क्राउस यांच्या २०१७च्या प्रयोगांत नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी समोरच्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखलं, चेहरा आणि आवाज दोन्ही मिळालेल्यांपेक्षा. प्रयोग अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे आपल्याला लावावेत असं नाही. पण चेहऱ्याने हसत ‘मी मजेत आहे’ म्हणता येतं, तेवढं आवाजाने म्हणता येत नाही, हे होस्टेलवर मूल ठेवलेल्या कुठल्याही आईला विचारावं.

चेहरा दाखवायची हौस मात्र जुनी. ७ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला तिथले तेव्हाचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर यांचं चित्र आणि आवाज तारेतून पाठवला गेला. न्यूयॉर्कवाल्यांना ते दिसले, त्यांना न्यूयॉर्कवाले दिसले नाहीत. पुढे १९७० मध्ये एटी अँड टी कंपनीने पिट्सबर्ग शहरात ‘पिक्चरफोन’ विकायला काढला. महिन्याचं भाडं १६० डॉलर, त्यात फक्त अर्धा तास बोलायचं, वर प्रत्येक मिनिटाला २५ सेंट. तो साफ पडला. पैसा हे कारण होतंच, शिवाय ज्याला फोन करायचा त्याच्याकडेही तो हवा. आपल्याकडे उलट झालं. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, फुकट डेटा घेऊन, आणि १५ नोव्हेंबरला व्हॉट्सॲपने व्हिडिओ कॉल सुरू केला. दहा आठवड्यांत पैसाही सुटला आणि ‘त्याच्याकडे आहे का’ हा प्रश्नही. ज्या घरात पीसीओच्या बूथमधल्या लाल आकड्यांकडे बघत बोलण्याची सवय होती, तिथे मधल्या पायऱ्या न चढता एकदम चेहराच आला. कधी कशासाठी वापरायचा, हे ठरवायला वेळच मिळाला नाही.

जिथे चित्रच हवं

एवढं वाचून मी व्हिडिओच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. आमच्या सोसायटीत एक कर्णबधिर जोडपं आहे. शंभरहून जास्त वर्षं टेलिफोन सगळ्या जगाला जवळ आणत होता, तेव्हा तो त्यांच्यासाठी भिंतीवरची मुकी पेटी होता. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्यांसाठी व्हिडिओ कॉल हाच पहिला खरा फोन. बायको लिफ्टची वाट बघत एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने नवऱ्याला काहीतरी ठणकावून सांगत असते, ते बघून भांडण आहे हे मलाही कळतं. आणि उलटं टोक असं, की ‘बी माय आइज’ नावाच्या ॲपवरून अंध माणसं अनोळखी स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉल लावतात आणि औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचून घेतात. ज्याला दिसत नाही तोच चित्र पाठवतो, यापेक्षा चित्राचा नेमका उपयोग मला दुसरा माहीत नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत तर हा फरक नियमातच उतरलाय. २५ मार्च २०२०ला, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात औषधांच्या याद्या आहेत. काही साधी औषधं डॉक्टर फोनवर बोलूनही लिहून देऊ शकतात, पण एका यादीतली औषधं पहिल्याच वेळी लिहून द्यायची तर सल्ला व्हिडिओवर व्हायला हवा. सूज, पुरळ, श्वास घेताना आत ओढली जाणारी छाती हे आवाजात येत नाही. मात्र कावीळ झाल्यासारखं वाटत असेल तर कॅमेऱ्यावर भिस्त ठेवू नका. फोन स्वतःच्या मनाने रंग ‘सुधारतो’, पिवळ्या बल्बखाली गोरा दाखवतो आणि ट्यूबलाइटखाली निळसर.

न्यायालयानेही हे फार आधी मान्य केलं. महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष हवी होती. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती व्हिडिओवरून घ्यायला परवानगी दिली आणि ‘हजर’ असणं म्हणजे देहानेच तिथे असणं नव्हे, असं सांगितलं. आता बँकाही तसंच खातं उघडतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२०मध्ये त्याची वाट मोकळी केली.

याच विश्वासावर चोरही आले. ‘डिजिटल अरेस्ट’वाले, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळणारे, आधी फोन करतात, मग व्हिडिओवर घेतात. समोर खाकी वर्दी, मागे झेंडा आणि टेबल. चित्र कशाला हवं त्यांना? एक तर दिसलं की माणूस मानतो. दुसरं, व्हिडिओवर घेतलं की तुम्ही त्यांच्या नजरेत खिळून राहता, उठून शेजाऱ्याला विचारायला जाता येत नाही. मघाशी थकव्याचं म्हणून जे कारण सांगितलं, तेच इथे हत्यार आहे. व्हिडिओवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. कॉल कट करायचा आणि १९३० या क्रमांकावर कळवायचं.

मागच्या दिवाळीच्या आधी भावाने आईसाठी फोन उभा ठेवायचा स्टँड पाठवला. तो आला तसा कपाटावर आहे, आई फोन पाण्याच्या तांब्याला टेकवते. पण तिने स्वतःच एक रीत बसवलीय. साडेसातला व्हिडिओ लागतो. नातवाचा पडलेला दात बघून होतो, नवे पडदे बघून होतात. मग ती म्हणते, ‘बघितलं सगळ्यांना. आता हे बंद कर आणि साधा लाव, मला गवार मोडायचीय.’ परवा भावाचा मला मेसेज आला: आईच्या गुडघ्याचं तू मला आधी का नाही सांगितलंस?